काळी आणि पांढरी

नवें घर पाहावयास आलेला पाहुणा काय पाहतो? दिवाणखाना पाहतो, स्वयंपाकाचा ओटा पाहतो, गच्चीवर जाऊन वाऱ्याची वाखाणणी करतो आणि जिना उतरतांना एकंदर खर्च किती आला हें हळूच विचारतो. "तुमचा पाया किती खोल आहे?" असें विचारणारा पाहुणा मला अद्याप भेटावयाचा आहे. भाषेंत मात्र आपण पायाला केवढा मान दिला आहे! शिक्षणाचा पाया, राज्याचा पाया, संसाराचा पाया. आपल्याकडच्या व्याख्यानांत दर पांच मिनिटांनीं कशाचा ना कशाचा तरी पाया घातला जातोच. जी वस्तु एकदां माती लोटून झांकली कीं पुन्हां जन्मांत दिसावयाची नाहीं, तिच्याविषयीं इतकें बोलावें आणि ती इतकी कमी पाहावी, हा मनुष्यस्वभावच असावा.

माझ्या वांट्याला मात्र पायाच्याही खालीं पाहण्याचा उद्योग आला. सुमारें वीस वर्षांपूर्वीं स्थापत्याची पदवी घेऊन मी बाहेर पडलों आणि एका ज्येष्ठ अभियंत्याच्या हाताखालीं जमिनीची भारधारणशक्ति अजमावण्याचें काम शिकूं लागलों. एक चौरस मीटर जमिनीवर किती टन ओझें ठेवलें असतां ती तें निमूटपणें वाहील, हें बांधकामाच्या आधीं ठरविणें, एवढाच या विद्येचा विषय. ऐकावयास तो एका ओळीचा आहे. शिकावयास मला कित्येक उन्हाळे व पावसाळे लागले. आणि माझी शाळा भरली ती हर्सूलला.

औरंगाबादच्या, म्हणजे २०२३ सालापासून छत्रपति संभाजीनगरच्या, उत्तरेस दिल्ली दरवाज्यांतून बाहेर पडून जळगांवच्या रस्त्याला लागलें कीं हर्सूल येतें. परगांवच्या माणसाला हें नांव तेथील तुरुंगामुळें ठाऊक असतें. शहरच्या माणसाला तें हरसिद्धिमातेमुळें आणि तलावामुळें ठाऊक असतें. खाम नदी याच अंगानें शहरांत उतरते. मलिक अंबरानें १६१० च्या सुमारास ज्या खेड्याच्या जागीं आपलें नगर वसविलें त्याचें नांव खडकी. त्या नांवांतच खडक वाजतो! परंतु कोणतेंही शहर वाढूं लागलें म्हणजे खडकावर मावत नाहीं. तें शेतांत उतरतें. हर्सूलच्या आसपासचीं शेतें अशींच एकामागून एक भूखंड झालीं. काल जेथें तिफण चालली होती तेथें आज चुन्याच्या फक्कीच्या रेघा दिसूं लागल्या, आणि त्या रेघांच्या मध्यें उभें राहून आम्हांला जमिनीला प्रश्न विचारावयाचे होते.

आपल्या जुन्या ग्रामव्यवहारांत जमिनीचे दोनच मोठे भाग मानीत: काळी आणि पांढरी. काळी ती पिकाची आणि पांढरी ती वस्तीची. लोक पांढरींत राहत आणि काळींत राबत. लहानपणीं मला ही केवळ बोलण्याची लकब वाटे. हर्सूलच्या खड्ड्यांत उतरल्यावर त्या दोन शब्दांत केवढें स्थापत्यशास्त्र सांठविलेलें आहे तें कळलें. जी माती कणीस धरते ती भिंत धरीत नाहीं. कारण दोहोंचें एकच आहे: पाणी. काळी पाणी पितें तें सोडीत नाहीं, म्हणून पावसाळा सरल्यावरही तिच्यावर ज्वारी आणि हरभरा डोलतो. आणि पाणी पिऊन ती फुगते, तें आटलें कीं आक्रसते, म्हणून तिच्यावरचें घर वर्षांतून दोनदां हालतें.

पांढरीविषयींही फार भाबडेपणा नको. जुन्या गांवांची पांढरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या पडलेल्या भिंती, चुलींची राख आणि फुटक्या खापऱ्या यांचा चढत गेलेला थर. पैठण आणि तेर येथलीं अशीं टेकाडें संशोधक मोठ्या प्रेमानें उकरतात. अभियंता त्यालाच भराव म्हणतो आणि त्यावर सहसा विश्वास ठेवीत नाहीं. म्हणजे पूर्वजांचें शहाणपण पांढरींत नव्हतें. तें दोन मातींचा भेद ओळखून प्रत्येकीला तिच्या स्वभावाचें काम देण्यांत होतें. आज आपण हा भेद कागदावर पुसतों. अर्ज होतो, शुल्क भरलें जातें, जमीन अकृषिक ठरते. दफ्तरांत काळीची पांढरी होते. परंतु मातीनें तो हुकूम वाचलेला नसतो.

आमच्या साहेबांनीं पहिल्या दिवशीं माझ्या हातांत कोणतेंही यंत्र दिलें नाहीं. खणलेल्या एका खड्ड्यांत मला शिडीनें उतरविलें आणि म्हणाले, "तासभर पाहा, मग वर ये आणि काय पाहिलेंस तें सांग." मीं पाहिलें तें असें: वरतीं दीड हात भेगाळलेली, ढेकळांची काळी; तिच्याखालीं घट्ट आणि ओलसर काळी, फोडली असतां आंतून साबणासारखी चकाकणारी; मग चुनखडीचे खडे मिसळलेली पिवळट माती; आणि तळाशीं तांबूस करडा मुरूम, जो कुदळीखालीं कुरकुरत होता. मी वर येऊन हें सांगितलें तेव्हां ते म्हणाले, "या चार थरांचा बाप एकच. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं येथें लाव्हारस वाहिला, त्याचा काळा कातळ झाला. तो कुजत कुजत मुरूम झाला आणि मुरूम कुजत कुजत काळी झाला. एकाच घरांतलीं माणसें स्वभावानें किती निरनिराळीं असतात, तें येथें पाहून घे."

दुसरा धडा अंगठ्याचा होता. बांधकामाच्या भारतीय संहितेंत निरनिराळ्या मातींच्या धारणशक्तीचा एक ढोबळ तक्ता आहे. त्यांत अभंग कठीण खडकाला दर चौरस मीटरला सुमारें ३३० टन दिलेले आहेत आणि अगदीं मऊ चिकणमातीला अवघे ५. मधल्या चिकणमाती ओळखावयाच्या कशा? तर एक अशी कीं जिच्यांत अंगठ्याचें नख सहज रुततें; दुसरी अशी कीं जिच्यावर अंगठा जोरानें दाबला तर खूण उठते; तिसरीला माफक दाब पुरतो; आणि शेवटचींत अंगठाच कांहीं सेंटिमीटर आंत जातो. सरकारी तक्त्यांत माणसाच्या अंगठ्याला एवढी प्रतिष्ठा मिळालेली पाहून मला मोठी मौज वाटली. तक्ता अंतिम निर्णयासाठीं नाहीं, हें खरें. पण वैद्य जसा रक्ताची परीक्षा सांगण्यापूर्वीं नाडी पाहतो, तशी ही मातीची नाडी आहे.

तिसरा धडा मला सर्वांत आवडला, कारण तो स्वयंपाकघरांतही करतां येईल असा आहे. वाळवून, बारीक चाळलेली माती दहा दहा ग्रॅम घेऊन कांचेच्या दोन उंच नळ्यांत घालावयाची. एकींत पाणी भरावयाचें, दुसरींत रॉकेल. चोवीस तास तीं तशींच ठेवावयाचीं. रॉकेलांतली माती होती तेवढीच राहते, कारण तिला त्यांत कांहीं पिण्याजोगें सांपडत नाहीं. पाण्यांतली फुगते. दोहोंतील अंतरावरून तिचा फुगीरपणा काढावयाचा. हर्सूलच्या त्या काळीनें दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाण्याच्या नळींत आपला आकार जवळजवळ दुप्पट केला होता. शेजारच्या नळींत तीच माती संन्याशासारखी निश्चल बसली होती. मोंटमोरिलोनाइट नांवाच्या खनिजाचे पापुद्रे पाणी आंत घेऊन एकमेकांपासून दूर सरतात, हें मीं पुस्तकांत वाचलें होतें. परंतु एका रात्रींत एवढी माती वर चढलेली पाहून जें कळलें तें वाचनानें कळलें नव्हतें.

मग यंत्रांची पाळी आली. तीन पायांची लोखंडी घोडी, तिच्यावर कप्पी, कप्पीवरून दोर, आणि दोराला साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा. तो पाऊण मीटर उंचीवरून पोकळ नळीच्या माथ्यावर सोडावयाचा आणि नळी तीस सेंटिमीटर आंत जाण्यास किती घाव लागले तें मोजावयाचें. पहिले पंधरा सेंटिमीटर हिशेबांत धरीत नाहींत, कारण छिद्र पाडतांना ती माती विस्कटलेली असते. मे महिन्याच्या उन्हांत वाळलेल्या काळीनें इतके घाव खाल्ले कीं मी आनंदानें आंकडा ओरडून सांगितला. साहेब शांतपणें म्हणाले, "वहींत आंकड्याशेजारीं महिना लिही. उन्हाळ्यांतल्या मातीची साक्ष पावसाळ्यांत उलटते." त्याच शेताच्या कडेला ऑगस्टांत पुन्हां हातोडा पडला तेव्हां घाव निम्म्यावर आले होते. माती तीच, खोली तीच. पाणी तेवढें मध्यें येऊन गेलें होतें. जमिनीचें बळ तिच्या सुखाच्या दिवशीं मोजावयाचें नसतें. तें तिच्या वाईटांतल्या वाईट दिवशीं किती उरेल हें सांगावयाचें असतें, हें मीं त्या वहींतून शिकलों.

आणखी एक परीक्षा आहे. खड्ड्याच्या तळाशीं लोखंडाची एक चौरस पाटी ठेवून तिच्यावर हळूहळू भार चढवावयाचा आणि ती मिलिमीटराच्या कितव्या अंशानें खचते तें घड्याळासारख्या तबकडीवर पाहत बसावयाचें. ही सर्वांत प्रत्यक्ष परीक्षा, म्हणून नवशिक्याचा तिच्यावर फार जीव असतो. परंतु लहान पाटीचा दाब थोड्याच खोलीपर्यंत पोंचतो. रुंद इमारतीचा दाब तिच्या रुंदीच्या मानानें खोल जातो. कॅनडांतील विनिपेगजवळ ट्रान्सकोना येथें धान्याचें एक प्रचंड कोठार बांधलें होतें. तेथेंही वरच्या थराची भार ठेवून परीक्षा झालेली होती आणि वरचा थर खरोखरच घट्ट होता. १९१३ च्या ऑक्टोबरांत कोठारांत धान्य भरत असतांना तें खचूं लागलें आणि एका दिवसांत सुमारें सत्तावीस अंशांनीं कलंडलें. भिंतींत दोष नव्हता; पुढें तें कोठार सरळ करून वापरांतही आलें. दोष खालच्या मऊ थरांत होता, आणि त्याला कोणीं विचारलेंच नव्हतें. लहान तोंडानें विचारलेल्या प्रश्नाला जमीन लहानच उत्तर देते.

या साऱ्या विद्येला गणिताची शिस्त ज्यानें लावली त्या कार्ल टेर्झाघीची हकीकत मला साहेबांनीं खड्ड्याच्या कांठावर चहा घेतां घेतां सांगितली. इस्तंबूलला शिकवीत असतांना त्यानें सिगारच्या पेट्यांसारख्या किरकोळ साहित्यांतून आपलीं उपकरणें जुळविलीं. १९२५ सालीं त्याचा मृत्तिकाशास्त्रावरील जर्मन ग्रंथ निघाला, आणि १९४३ च्या ग्रंथांत धारणशक्तीचें तें सूत्र आलें, जें आजही प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. त्या सूत्रांत तीन पदांची बेरीज आहे. पहिलें पद मातीच्या कणांनीं एकमेकांस धरून राहण्याचें. दुसरें पायाच्या बाजूला असलेल्या मातीच्या ओझ्याचें. तिसरें पायाच्या रुंदीचें. मला दुसऱ्या पदाचें नवल वाटलें. ओझ्याखालची माती खचतांना बाजूची माती वर उसळूं पाहते; तिच्यावर जेवढा थर असेल तेवढी ती दबून राहते. म्हणून पाया खोल नेला कीं त्याला शेजाऱ्यांचा आधार मिळतो. शेवटीं येणाऱ्या आंकड्याला अडीच किंवा तीन यांनीं भागावयाचें. हा भागाकार कशासाठीं, असें मीं विचारलें तेव्हां साहेब म्हणाले, "आपल्याला जें कळलेलें नाहीं त्यासाठीं."

आतां ज्या प्रसंगानें हें सारें शास्त्र मला माणसांच्या जगांत आणून सोडलें तो सांगतों. एका सेवानिवृत्त शिक्षकांनीं गांवाकडचें शेत विकून आणि निवृत्तीची रक्कम घालून हर्सूलला भूखंड घेतला होता. खालीं स्वतः राहावें, वरचा मजला भाड्यानें द्यावा आणि त्या भाड्यांतून धाकट्या मुलीचें शिक्षण पुरें करावें, असा त्यांचा हिशेब. नकाशांत पाया चार फूट खोल दाखविला होता. आम्हीं समोरच्या कोपऱ्यांत खड्डा घेतला. मीटरभरावर मुरूम लागला. गुरुजींची मुद्रा फुलली. साहेबांनीं मागच्या बाजूला, ओढ्याच्या अंगाला दुसरा खड्डा घ्यावयास लावला. तेथें सव्वादोन मीटरपर्यंत काळी संपेना. म्हणजे घराचे दोन पाय जमिनीवर आणि दोन पाय झोपाळ्यावर! सबंध घर सारखें बोटभर खचलें तर एक वेळ चालतें. एकच कोपरा खचला किंवा उचलला गेला तर खिडकीच्या कोनापासून भिंत तिरपी फाटते. आणि काळी उचलतेही. म्हणूनच तिच्यावर हलक्या बांधकामाचे हाल अधिक. भारी इमारत निदान तिला दाबून तरी धरते.

"साहेब, शेजारचीं तीन घरें चार फुटांवरच उभीं आहेत," गुरुजी म्हणाले.

"तीं बांधून किती दिवस झाले?"

"गेल्या दिवाळीनंतरचीं आहेत."

"मग त्यांनीं अजून पावसाळा पाहावयाचा आहे."

गुरुजी बराच वेळ गप्प राहिले. मग खालच्या आवाजांत म्हणाले, "तुम्ही अहवालांत चार फूट लिहा. पुढचें माझें नशीब. एवढी एक गोष्ट माझ्यासाठीं करा."

साहेब कठोर माणूस नव्हते. ते म्हणाले, "गुरुजी, एखाद्या गरीब मुलाला तुम्हीं कधीं पंचविसाचे पस्तीस गुण दिले असतील, तो पुढें सांवरलाही असेल. या मातीला मीं गुण वाढवून दिले तर ती सांवरावयाची नाहीं."

इतका वेळ गुरुजींच्या पत्नी खड्ड्यांतून काढलेल्या ढिगाऱ्यापाशीं उभ्या होत्या. त्यांनीं एक ढेकूळ हातांत घेऊन चुरडलें आणि आपल्या यजमानांना म्हणाल्या, "अहो, ही आपल्या हरभऱ्याच्या रानासारखीच माती आहे. उन्हाळ्यांत भेगेंत विळा पडला तर कोपरापर्यंत हात घालावा लागे, विसरलांत का? मजला मागून चढवितां येईल. पाया मागून खालीं नेतां येईल का?"

मला पिसाचा मनोरा आठवला. ११७३ सालीं त्याचें काम सुरू झालें, तीन मजले होतांच थांबलें, आणि तें जवळजवळ शंभर वर्षें थांबलें. त्या विसाव्यांत खालची चिकणमाती दबून घट्ट झाली. ती सवड मिळाली नसती तर मनोरा तेव्हांच कोसळला असता, असें आजचे तज्ज्ञ मानतात. ज्यांनीं तो पिसाचा इतिहास वाचला नव्हता त्या काकूंनीं दोन वाक्यांत निकाल दिला होता.

साहेबांनीं त्यानंतर जें केलें तें मी मोठ्या आदरानें आठवतों. त्यांनीं स्वखर्चानें तिसरा खड्डा घेतला. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनें काळ्या मातीसाठीं रूढ केलेले, तळाशीं कंदासारखे फुगीर असे खोल खांब त्यांना सुचवितां आले असते; मुंबईच्या आय. आय. टी. तील प्राध्यापक कट्टी यांनीं दाखविल्याप्रमाणें न फुगणाऱ्या मातीचा सुमारें मीटरभर थर पसरावयास सांगतां आलें असतें. त्या दोन्ही युक्त्या खऱ्या. पण येथें मुरूम सव्वादोन मीटरांवर हातीं येत होता, म्हणून त्यांनीं त्याहून एक वीतही जास्त मागितली नाहीं. सर्व खांब मुरमापर्यंत न्यावे, वरतीं तुळयांनीं बांधावे, भोंवतालीं मुरूम भरावा, घराभोंवतीं पाणी तुंबूं देऊं नये आणि भिंतीला लागून झाड लावूं नये, एवढेंच लिहिलें. परत येतांना ते म्हणाले, "आंकडा फुगविणें जसें पाप, तसेंच भीतीनें तो उतरविणें हेंही पाप. आपली भीति दुसऱ्याच्या पैशांनीं पुरावयाची नसते."

घर एकमजली झालें. भाडें गेलें, त्या वर्षीं गुरुजींनीं पुन्हां शिकवण्या धरल्या, असें मला मागाहून कळलें. तेव्हांपासून एक गोष्ट माझ्या मनांत टोंचत राहिली आहे. खरा आंकडा सांगणाऱ्याला कांहीं द्यावें लागत नाहीं. त्याची किंमत ऐकणारा देतो. म्हणून तो आंकडा काढतांना जितकी काळजी घ्यावी तितकी थोडीच. तिसरा खड्डा हा शास्त्राचा नियम नव्हता. ती दुसऱ्याच्या मिळकतीविषयींची आस्था होती, आणि मला वाटतें कीं या विद्येंतील पुस्तकांत न येणारा भाग तोच आहे.

काळीला मात्र दोष देऊं नये. तिनें धान्य धरण्याचें वचन दिलें होतें, घर धरण्याचें दिलें नव्हतें. आणि आपलें वचन तिनें पिढ्यान्‌पिढ्या पाळलें आहे. ज्या वाचकांना शहराबाहेर भूखंड घ्यावयाचा असेल त्यांना माझी एवढीच विनंती आहे. कागदपत्रें वकिलाला दाखवा, तशी जमीनही जाणत्याला दाखवा. पण त्याच्याही आधीं ती मे महिन्यांत एकदां पाहून या आणि भेगेंत काठी घालून पाहा; ऑगस्टांत पुन्हां जा आणि पाणी कोठें उभें राहतें तें पाहा. आणि ज्यानें ती कसली तो म्हातारा अजून त्या बाजूला राहत असेल तर त्याला विचारा, "बाबा, येथें हरभरा कसा येत असे?" त्याचे डोळे चमकले आणि "काय सांगूं!" असें तो म्हणाला, तर पाया खोल घ्या.